सटवाईच्या हातातला पिनकोड

आमच्या घरी मूल जन्मले की पाचव्या रात्री पाटावर कोरा कागद, दौत आणि बोरू ठेवण्याची पद्धत होती. पुढे बोरूची जागा शाईच्या पेनाने घेतली आणि माझ्या मुलीच्या वेळी साध्या बॉलपेनने. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे आयुष्य लिहून जाते, असे आई सांगायची. ती काय लिहिते ते कुणाला दिसत नाही आणि लिहिलेले पुसता येत नाही. लहानपणी मला या बाईची फार भीती वाटे. पुढे बँकेत चिकटलो, आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेले आकडे तपासत बसलो, आणि मग एक वेगळाच प्रश्न पडू लागला. सटवाई लिहिते हे मान्य. पण लिहिण्यापूर्वी ती पत्ता बघते की काय?

हा प्रश्न कुठून आला, ते आधी सांगतो. गेली तीस-बत्तीस वर्षे मी ते टाळत आलो आहे. कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत नाही नाही ती माणसे आणली, पण हा माणूस आणला नाही.

१९९१ सालचा जुलै. मी तेव्हा चेंबूरच्या बाजूला एका शाखेत नवा अधिकारी होतो. शनिवार होता. शनिवारी बारा वाजता कॅश बंद व्हायची. साडेअकराच्या सुमारास एक माणूस माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. अंगावरून पाणी निथळत होते, पण पासबुक मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोरडे ठेवलेले. खाते त्याच्या बायकोच्या नावावर. ती आमच्याच भागातल्या तीन-चार घरांची धुणीभांडी करायची आणि महिन्याला वीस-तीस रुपये टाकायची. शिल्लक चारशे बारा रुपये. स्लिपवर दोनशे रुपयांचा आकडा कुणाकडून तरी लिहून आणलेला आणि खाली अंगठा.

"अंगठा कुणाचा?"

"बायकोचा, सायब."

"मग ती कुठे आहे?"

"बाळंतीण हाय. बुधवारी मोकळी झाली. लेकरू दूध धरंना, अंग गार लागतंय. सायनला न्यावं म्हणतो."

बँकेचा नियम असा, की खातेदार निरक्षर असेल तर पैसे काढायला त्याने स्वतः पासबुक घेऊन यायचे आणि अधिकाऱ्यासमोर अंगठा उठवायचा. नियम चांगला आहे. तो त्या बाईच्याच रक्षणासाठी केलेला आहे. नवऱ्यांनी बायकांची खाती परस्पर धुऊन नेल्याची उदाहरणे मी पाहिली होती. मी त्याला नियम समजावून सांगितला. आवाजही चढवला नाही. "सोमवारी तिला रिक्षात घालून घेऊन या, मी लगेच पैसे देतो," असे वर म्हणालो. तो वाद घालील असे वाटले होते. त्याने वाद घातला नाही. "बरं सायब," म्हणाला, पासबुक पुन्हा पिशवीत गुंडाळले आणि पावसात निघून गेला. त्या दिवशी आमचा बॅलन्स पहिल्या झटक्यात टॅली झाला, हेही मला आठवते.

पंधरा दिवसांनी ती बाई स्वतः आली. माझ्यासमोर अंगठा उठवला. मी बाळाबद्दल विचारले. "सोमवारी पहाटे गेलं," ती म्हणाली. "रातीच पाचवी पुजली व्हती. सटवाईनं लिवलंच नव्हतं त्येचं." मग म्हणाली, "धा-वीस रुपये उसने घेतलेत लोकांचे, ते फेडते." टोकन घेऊन ती बाकावर जाऊन बसली.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत माझी मुलगी जन्मली होती. सासुरवाडीला, दादरला, आठव्या महिन्यातच. वजन जेमतेम पावणेदोन किलो. बारा दिवस ती काचेच्या पेटीत होती. रविवारी रात्री नर्सिंग होमने पैसे भरायला सांगितले, तेव्हा आमचा हेड कॅशियर घरातले तीन हजार रुपये घेऊन टॅक्सीने आला. सोमवारी मॅनेजरसाहेबांनी स्टाफ ओव्हरड्राफ्टच्या कागदावर न वाचता सही केली. ती मुलगी आज तिशी ओलांडून गेली आहे, एका मुलाची आई आहे, आणि मी फोन उचलला नाही तर मला रागावते.

दोनशे रुपयांनी ते दुसरे बाळ वाचलेच असते, असे मी म्हणत नाही. पण ते वाचण्याजोगे होते, हे मला नंतर कळले. कसे, ते सांगण्यासाठीच हा लेख.

जन्मल्यापासून पहिल्या अठ्ठावीस दिवसांत जे मूल जाते, त्याला नवजात मृत्यू म्हणतात; वर्षाच्या आत जाते तो अर्भकमृत्यू. हा फरक मुद्दाम लक्षात ठेवावा. २०२० सालच्या नमुना नोंदणी सर्वेक्षणानुसार भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे २८ मुले वर्षाच्या आत दगावत होती, आणि त्यांतली २० पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच. महाराष्ट्राचे तेच आकडे १६ आणि ११. त्या नवजात मृत्यूंपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश पहिल्या आठवड्यात होतात. आपल्या पूर्वजांनी पाचवीची रात्र उगीच नाही धास्तीची ठरवली. त्यांच्याजवळ आकडे नव्हते, पण अनुभव होता.

ही बाळे कशाने जातात? मुख्य कारणे तीन. एक, दिवस भरण्याआधी जन्मलेली किंवा फार कमी वजनाची मुले. दुसरे, जन्मताच श्वास न घेणे. तिसरे, जंतुसंसर्ग, म्हणजे रक्तात जंतू पसरणे, न्यूमोनिया वगैरे. काही बाळांना जन्मजात असे व्यंग असते की तिथे वैद्यकाचे हात टेकतात. पण वरच्या तीन कारणांनी जाणाऱ्या बाळांतली पुष्कळशी अगदी साध्या उपायांनी वाचतात. जन्मताच रडले नाही तर कोरडे पुसून, पाठ चोळून, गरज पडली तर छोट्या मुखवट्यातून हाताच्या फुग्याने हवा द्यायची, आणि हे सारे पहिल्या मिनिटात. बाळ लहान असेल तर त्याला आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधून ठेवायचे. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७०च्या दशकाच्या अखेरीस पेट्या कमी पडल्या म्हणून डॉक्टरांनी ही युक्ती काढली. कांगारूची तऱ्हा म्हणून ती आज जगभर चालते. संसर्ग झाला तर वेळेवर प्रतिजैविकाची इंजेक्शने. आणि सगळ्यांच्या आधी आईचे पहिले चिकाचे दूध, जे आपल्याकडे कित्येक घरांत पिळून फेकून देत आणि वर बाळाला मधाचे बोट चाटवीत. जन्मल्याबरोबर घातलेली आंघोळही अशीच घातक. नवजात बाळाला गारठा फार लवकर मारतो.

"अंग गार लागतंय, दूध धरंना." त्या माणसाने माझ्या टेबलापाशी उभे राहून दोन्ही लक्षणे अचूक सांगितली होती. डॉक्टर असता तर त्याने तीच टिपून घेतली असती. मी स्लिप तपासत होतो.

आता शहराकडे येऊ. महानगरपालिकेने २००९ सालचा मुंबईचा मानवविकास अहवाल प्रसिद्ध केला. त्यात तेव्हाच्या चोवीस वॉर्डांची पाहणी होती. मलबार हिल ज्यात येते तो डी वॉर्ड निर्देशांकात सर्वांत वर, ०.९६. गोवंडी, मानखुर्द, देवनार, शिवाजीनगर ज्यात येतात तो एम-पूर्व सर्वांत खाली, ०.०५. हा टंकलेखनाचा दोष असावा म्हणून मी दोनदा पाहिले. दोष नव्हता. साऱ्या शहराचा अर्भकमृत्युदर त्या अहवालात हजारी सुमारे ३५ होता. एम-पूर्वचा ६६च्या वर. एकच महापालिका, एकच महापौर, एकच लोकल. पण पिनकोड ४००००६ असला तर एक मुंबई आणि ४०००४३ असला तर दुसरी.

या वॉर्डात २०११च्या जनगणनेप्रमाणे आठ लाखांवर माणसे राहत होती, त्यांतली बहुसंख्य झोपडपट्टीत. १९२७पासून मुंबईचा कचरा देवनारला येऊन पडतो. शहराचा कत्तलखाना इथे. शहराच्या रस्त्यांतून, नाल्यांवरून, पुलांखालून उठवलेली माणसेही इथेच आणून वसवली. लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहतींत इमारतींमधून ऊन खाली उतरत नाही. शहराला जे नको ते सारे एका कोपऱ्यात नेऊन टाकायचे आणि मग त्या कोपऱ्यात मुले का जगत नाहीत म्हणून समिती नेमायची, असा हा प्रकार आहे.

पण वॉर्डाच्या सरासरीवरही मी फार विसंबणार नाही. बँकेतल्या माणसाला सरासरीचा संशय असतोच. याच एम-पूर्वमध्ये भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, अणुशक्तिनगरची झाडांनी भरलेली वसाहत आहे, टाटा समाजविज्ञान संस्था आहे. या संस्थेने २०११ साली आपल्या दारातल्या या वॉर्डाचा अभ्यास हाती घेतला. अणुशक्तिनगर आणि कचऱ्याच्या डोंगराखालची वस्ती यांची सरासरी काढली तर कुणाचेच खरे चित्र येत नाही. मृत्यूचा नकाशा काढायचा तर गल्लीपर्यंत उतरावे लागते.

आणि इथे हिशेबाची खरी गोम आहे. जन्ममृत्यूची नोंद १९६९च्या कायद्याप्रमाणे घटना जिथे घडली तिथे होते. बाळ गोवंडीचे, पण मेले सायनच्या रुग्णालयात, तर नोंद सायनच्या वॉर्डात. परळला मेले तर परळच्या. म्हणजे खाते एका शाखेत आणि खर्ची पडले दुसऱ्या शाखेत. बँकेत अशा नोंदी जुळवायला आम्ही आंतरशाखा मेळाचे स्वतंत्र खाते ठेवत असू आणि एक रुपया जुळेना म्हणून रात्री नऊपर्यंत बसत असू. बाळांच्या बाबतीत हा मेळ घालायचा तर आईचा राहता पत्ता नीट लिहिला पाहिजे आणि त्या पत्त्यावरून मोजणी केली पाहिजे. ते केले नाही तर मोठ्या रुग्णालयांचे वॉर्ड मृत्यूचे आगर वाटतात आणि जिथून बाळे आली त्या गल्ल्या कागदावर निरोगी दिसतात.

त्यातून काही बाळे कुठल्याच वहीत चढत नाहीत. घरी जन्मले, दोनदा आचके दिले आणि गेले, तर ते "मेलेलेच जन्मले" म्हणून सांगितले जाते. काही बायका बाळंतपणाला गावी जातात. मराठवाड्यात किंवा उत्तर प्रदेशात. तिथे बाळ गेले तर मुंबईच्या हिशेबात नाही, आणि दीड महिन्याने बाई रिकाम्या हाताने परत येते तेव्हा तिला विचारणारे कुणी नाही. आमच्या त्या खातेदार बाईच्या बाळाची नोंद कुठे झाली असेल? बहुधा कुठेच नाही. त्याला नावही ठेवलेले नव्हते.

मुंबईची जुनी मोठी सरकारी रुग्णालये, म्हणजे जे. जे., नायर, के. ई. एम. आणि सायन, ही सारी मूळ बेटाच्या हद्दीत आहेत, कारण ती बांधली तेव्हा शहर तेवढेच होते. माणसे पुढे पूर्वेला सरकत गेली, रुग्णालये जागच्या जागी राहिली. गोवंडीहून सायन नकाशात फार लांब नाही. पण रात्री दोन वाजता, गुडघाभर पाण्यात, तीन दिवसांची ओली बाळंतीण आणि खिशात पैसे नाहीत, असे अंतर मोजले तर ते परदेशाइतके होते. शास्त्रज्ञांनी या विलंबाचे तीन भाग पाडले आहेत. दुखणे गंभीर आहे हे ओळखायला लागलेला वेळ, दवाखान्यापर्यंत पोचायला लागलेला वेळ, आणि पोचल्यावर उपचार सुरू व्हायला लागलेला वेळ. आमच्या प्रकरणात पहिला विलंब झालाच नव्हता. नवरा-बायकोने ओळखले होते. दुसऱ्या विलंबाचे नाव मला ठाऊक आहे. त्या टेबलावर माझ्याच नावाची पाटी होती.

तेव्हापासून बरेच बदलले, हे सांगितले पाहिजे. नुसते रडगाणे गाणे अन्यायाचे होईल. सायनच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. एका आईचे दूध दुसऱ्या बाळाला. पण रुग्णालयात येणारी बाळे फार उशिरा येतात, हे लक्षात आल्यावर त्यांनी १९९९ साली 'स्नेहा' ही संस्था काढून काम वस्तीत नेले. तिकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची देखभाल करायला लावली. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचा अहवाल आला. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. थोडक्या शाळेवर ज्या बाया हे करू शकल्या, त्यांच्यापुढे आम्ही पदवीधर काय मोठे! २०११पासून 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर नेण्यात आली. त्याच वर्षी सरकारी रुग्णालयात बाळंतपण आणि आजारी नवजाताचे उपचार मोफत झाले. २०१४पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली.

मात्र गडचिरोलीचे औषध मुंबईला जसेच्या तसे लागू पडत नाही. 'स्नेहा' आणि इतरांनी मिळून मुंबईच्या ४८ झोपडवस्त्यांपैकी निम्म्यांत बायकांचे गट बांधून माहिती देण्याचा मोठा प्रयोग केला. २०१२ साली त्याचे निष्कर्ष छापून आले; नवजात मृत्यूंत अपेक्षित घट दिसली नाही. हे त्यांनी लपवले नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. मला त्याचा अर्थ असा लागतो, की शहरात बाईला कळत नाही ही मुख्य अडचण नाही. कळल्यावर कुठे जायचे, तिथे खाट आहे का, एका दवाखान्यातून दुसऱ्यात पाठवताना सोबत चिठ्ठी आणि गाडी आहे का, अडचण तिथे आहे. नुसते प्रबोधन करून नियम बदलत नाहीत आणि रुग्णालयही जवळ येत नाही.

मागच्या पावसाळ्यात मी गोवंडीला गेलो होतो. शिवाजीनगरात महापालिकेची एक आरोग्य स्वयंसेविका भेटली, पस्तिशीची असेल. तिच्या मागे मागे तासभर गल्ल्यांतून फिरलो. गटाराच्या फरशीवर पाय कसा ठेवायचा हे ती मला दर दहा पावलांनी सांगत होती. "काका, इथे सांभाळून." तिच्याजवळ एक जाड वही. प्रत्येक पोटुशीचे पान वेगळे. तारीख, वजन, रक्त, आधीची मुले.

एका पोटमाळ्याच्या खोलीत सहा दिवसांचे बाळ होते. तिने हात धुतले, बाळाचे पोट उघडे केले, पाऊल हातात धरून पाहिले, मग घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला साठाच्या वर गेले तर लगेच हलवायचे, म्हणाली. छाती आत ओढली जात असेल, तळपाय पिवळे दिसले, बेंबीभोवती लाली आली, झटके आले, अंग थंड किंवा तापलेले लागले, किंवा दूध ओढेनासे झाले, तरी लगेच. "थांबायचं नाही काका. सकाळी बघू म्हणायचं नाही." हे सगळे आपल्याही घरातल्या नव्या आजी-आजोबांनी पाठ करून ठेवावे. मलबार हिलच्या बाळालाही हीच लक्षणे होतात. फरक फक्त पुढच्या अर्ध्या तासात पडतो.

ते बाळ ठीक होते. आईने त्याला पुन्हा पदराआड घेतले. कोपऱ्यात पाटावर आदल्या रात्रीचे हळदकुंकू होते आणि एक शाळेची वही, तिच्यावर पेन. माझे लक्ष तिकडे गेलेले पाहून सासूबाई हसल्या. "पाचवी होती," म्हणाल्या.

वाचकहो, तुमच्याही घरी कामाला येणारी कुणीतरी अशाच वस्तीतून येत असेल. ती पोटुशी असेल तर तिचे दिवस कधी भरतात, नाव कुठल्या रुग्णालयात घातले आहे, रात्री-अपरात्री लागले तर तिच्याजवळ पैसे आणि तुमचा फोन नंबर आहे का, एवढे विचारा. आगाऊ पगार मागितला तर हिशेब नंतर करा. याने एम-पूर्व वॉर्ड बदलणार नाही. त्याला पाणी, गटारे, खाटा आणि प्रामाणिक नोंदी लागतील, आणि त्या मागण्याचे काम मतदार म्हणून आपलेच आहे. पण एखाद्या शनिवारी साडेअकरा वाजता ज्याच्या टेबलापाशी कुणी येऊन उभे राहते, तो माणूस तुम्हीही असू शकता.

निघताना मी त्या बाईंना वहीचे पहिले पान दाखवायला सांगितले. तिथे पेशंटचे नाव नव्हते. पाच-सहा मोबाइल नंबर लिहिलेले होते, काही खोडून पुन्हा लिहिलेले.

"हे कुणाचे?"

"रिक्षावाल्यांचे. रात्री येतात बोलावलं की. पैसे नसले तरी येतात, मागाहून घेतात."

मी ते पान बराच वेळ पाहत राहिलो. मग तिला पुढच्या घरी जायचे होते, म्हणून वही परत दिली.